चिकन टिक्का मसाला: शोध कुणाचा सोडा, पातेलं कुणाचं ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा लीड्सला शिकतोय. तो फोनवर म्हणाला की चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ आहे आणि ग्लासगोच्या एका हॉटेलवाल्याने टोमॅटो सूप ओतून तो शोधून काढला. हे कितपत खरं? पदार्थ आपला की त्यांचा? आणि पुण्यात मागवलेला टिक्का मसाला तिकडच्यासारखा का लागत नाही?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी दोघांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

मी मूळचा चिपळूणचा. दादरला कॅटरिंग कॉलेज, मग मुंबईत दोन हॉटेलं, आणि १९९९ साली बर्मिंगहॅम. तिथे आणि पुढे लेस्टरला मिळून बावीस वर्षं ‘इंडियन रेस्टॉरंट’च्या किचनमध्ये काढली. पाटी इंडियन, मालक सिल्हेटचा, मॅनेजर सिल्हेटचा, तंदूरवालाही सिल्हेटचाच. सिल्हेट म्हणजे आजच्या बांगलादेशाचा ईशान्य कोपरा. भारतातून आलेला मी एकटा, म्हणून सगळे मला ‘बोम्बाई’ म्हणायचे. माझं खरं नाव किचन पोर्टरला, म्हणजे भांडी घासणाऱ्याला, शेवटपर्यंत कळलं असेल असं वाटत नाही.

पहिल्या दिवशी मी सुऱ्यांचा नवा संच काखेत मारून गेलो. हेड शेफने विचारलं, काय काय येतं? मी ऐटीत सांगितलं, रोगनजोश, रेशमी कबाब, तांबडा-पांढरा रस्सा. त्याने ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातल्या पंचवीस किलोच्या कांद्याच्या पोत्याकडे बोट दाखवलं. “सोलो.”

तो कांदा ज्या पातेल्यात गेला, त्या पातेल्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सोललेला कांदा मोठाले तुकडे करून थेट पातेल्यात भरायचा. परतायचा नाही! हे पचायला मला बरेच दिवस लागले. आपल्याकडे कांदा लालसर परतला नाही तर स्वयंपाकाला हातच लागला नाही असं समजतात. इथे कांद्याबरोबर गाजर, ढब्बू मिरची, थोडा कोबी, आलं-लसूण, डब्यातले टोमॅटो, बऱ्यापैकी तेल, मीठ, हळद, धणे-जिरे, आणि वर पाणी. तीन तास उकळायचं. कच्च्या कांद्याचा दर्प जाऊन गोडूस वास यायला लागला की गॅस बंद, आणि हातभर लांबीचा ब्लेंडर आत. तयार होते एक पातळ, पिवळट-नारिंगी पेज. चमचाभर चाखून बघितलं तर वाटतं, यात काहीतरी घालायचं राहिलंय. तेच अपेक्षित असतं. स्वतःची चव नसल्यामुळेच ती कुठल्याही चवीची होऊ शकते. किचनमध्ये तिला नुसतं ‘ग्रेव्ही’ म्हणतात, आणि मेनूवरचे चाळीस-पन्नास पदार्थ तिच्यावर उभे असतात.

शनिवारी रात्री सव्वाअकराचं दृश्य सांगतो. सहा शेगड्या, सहावर सहा पॅन, समोर तारेला अडकवलेल्या चिठ्ठ्या. लांब दांड्याचं पातळ अॅल्युमिनियमचं पॅन, मोठा जाळ. पळीभर तेल, आलं-लसणाची पेस्ट चरचरली की ‘मिक्स पावडर’ (धणे, जिरे, हळद, पॅप्रिका म्हणजे सौम्य लाल मिरचीपूड, आणि तयार करी पावडर एकत्र), लगेच पाण्यात कालवलेली टोमॅटो प्युरी, नाहीतर मसाला जळतो. मग पहिली पळी ग्रेव्ही. ती पॅनच्या कडेला तडतडून चिकटते. चिकटलेलं खरवडून परत आत ढकलायचं, दुसरी पळी, पुन्हा तेच, मग तिसरी. कांदा आपण जो आधी परतला नव्हता तो इथे, शेवटच्या पाच मिनिटांत, जाळावर करपत-करपत परतला जातो. करी हाऊसच्या, म्हणजे गल्लीतल्या अशा ‘इंडियन’ हॉटेलच्या, चवीची सगळी किल्ली या खरवडण्यात आहे. मग आधीच शिजवून ठेवलेलं चिकन. तिकीट लागल्यापासून प्लेट खिडकीत जाईपर्यंत आठ मिनिटं. नऊ झाली की बाहेरून वेटरचा आवाज येतो.

आता याच पॅनमध्ये शेवटी नारळाची पूड, साखर आणि क्रीम पडलं की कोरमा. तिखट जास्त आणि लिंबाचा हबका, की मद्रास. तिखट आणखी दुप्पट, व्हिनेगर आणि बटाट्याची फोड, की विंदालू. शिजलेली डाळ आणि अननसाची चकती, की धनसाक. मद्रासमधल्या माणसाला मद्रास करी कधीच दिसलेली नसते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

विंदालूचं मात्र मला कायम वाईट वाटत आलं. गोव्याचा विंदालू म्हणजे पोर्तुगीज ‘विन्या द’आल्यूश’, वाइन आणि लसूण. पुढे वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं, मिरची आली, डुकराचं मांस त्यात रात्रभर मुरायला लागलं. ब्रिटनमध्ये पोचेपर्यंत कुणाच्यातरी कानाला नावातला ‘आलू’ ऐकू आला आणि बटाटा घुसला तो घुसलाच. गंमत म्हणजे ‘करी’ या शब्दाच्या युरोपातल्या प्रवासातही गोवा आहे: गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं १५६३ साली गोव्यात छापलेलं पुस्तक आहे, त्यात ‘कारील’ आलंय. शब्द मूळ दक्षिणेतला, पण गोव्यातून बोटीवर चढलेला. धनसाकचंही तसंच. मुंबईच्या पारशी घरात रविवारी दुपारी ब्राउन राइसबरोबर खाऊन ताणून द्यायचा पदार्थ, त्यात अननस घालणाऱ्याला कुठल्याही पारशी मावशीने उंबऱ्याबाहेर काढला असता. ‘पथिया’ नावाने जी आंबटगोड करी मेनूवर असते, ती पारशांच्या कोलंबीच्या पातियोची लांबची नातेवाईक.

पण ही पद्धत आली कुठून? एकाच ग्रेव्हीतून पन्नास पदार्थ काढावेत असं कुणाला का वाटलं?

ब्रिटनमध्ये करी नवी नव्हती. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७च्या पाकपुस्तकात ‘हिंदुस्थानी पद्धतीची करी’ आहे. १८१० मध्ये पाटण्याच्या शेख दीन मोहम्मद यांनी लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ काढलं. ते दोन वर्षांत दिवाळखोरीत गेलं आणि मोहम्मद पुढे ब्रायटनला राजेरजवाड्यांना चंपी करून, म्हणजे ‘शाम्पू’ करून, नावारूपाला आले. १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटवर वीरास्वामी सुरू झालं, ते आजच्या हयात भारतीय रेस्टॉरंटांमध्ये ब्रिटनमधलं सर्वांत जुनं. पण ही सगळी साहेबांची, हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्यांची ठिकाणं. गल्लीबोळातल्या करी हाऊसचा यांच्याशी संबंध थोडा.

गल्लीतलं करी हाऊस उभं केलं खलाशांनी. सिल्हेटचे लोक कलकत्त्याहून ब्रिटिश बोटींवर चढायचे, बहुतेक जण इंजिनखोलीत कोळसा ओढायला. लंडनच्या गोदीत बोट लागली की काही जण पसार व्हायचे. पूर्व लंडनमधल्या कमर्शियल स्ट्रीटवर अयूब अली ‘मास्टर’ यांचं कॅफे अशा पळून आलेल्यांचं घर होतं. तिथे जेवण, निवारा, कागदपत्रं, पत्रलेखन, सगळं व्हायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर या मंडळींनी बाँबने मोडकळलेली, स्वस्तात मिळणारी कॅफे आणि फिश अँड चिप्सची दुकानं घेतली. जुनं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मासा-चिप्स ठेवले, कोपऱ्यात करीभात आणला. कित्येक इंडियन मेनूंच्या शेवटच्या पानावर अजून ऑम्लेट-चिप्स दिसतं, ते त्या काळाचं.

हे लोक आचारी नव्हते, हे लक्षात घ्या. घरी बायका रांधायच्या, आणि बायका तर मागे गावी होत्या. हातात भांडवल नाही, फ्रिज लहान, गॅस महाग, कामाला चुलतभाऊ. अशा माणसाला काय लागतं? दुपारी एकदा शिजवून ठेवावं आणि रात्री नवख्यालाही चार दिवसांत शिकवता यावं असं काहीतरी. एक ग्रेव्ही, एक पावडर, सहा पॅन. मी कॅटरिंग कॉलेजमधून आलो तेव्हा या पद्धतीला नाक मुरडत होतो. दोन शनिवार शेगडीपुढे उभा राहिलो आणि नाक सरळ झालं.

आणि गिऱ्हाईक कधी यायचं? तर पब बंद झाल्यावर. इंग्लंडात कैक वर्षं पब रात्री अकराला घंटा वाजवून बंद व्हायचे. पोटात तीन-चार पाइंट बिअर, खिशात थोडे पैसे, आणि उघडं काय, तर करी हाऊस. जेवणाबरोबर बिअरही मिळायची. इंग्रजांची मिजास, नशेतल्या शिव्या, बिल न देता पळणारी पोरं, हे सगळं वेटरांनी सोसलं. त्यावर एक वेगळं उत्तर लिहावं लागेल. जो जितका झिंगलेला, तो तितकी तिखट करी मागणार, ही मर्दुमकी. विंदालूच्याही वर ‘फाल’ नावाचा जो जाळ आहे, तो याच मर्दुमकीसाठी. पण त्या टेबलावर कुणाची तरी मैत्रीण असायची, आई असायची, पहिल्यांदा ‘इंडियन’ खायला आलेला कुणी असायचा. त्यांना तिखट नको, हाडं नकोत, आणि कोरडंही नको. ती जागा मेनूवर रिकामी होती.

आता तंदूर येतो. दिल्लीच्या दर्यागंजमधल्या मोती महलने फाळणीनंतर पेशावरकडची तंदुरी कोंबडी प्रतिष्ठेला चढवली आणि तिला टोमॅटो-लोण्याच्या रश्श्यात सोडून बटर चिकन केलं. (ते नेमकं कुणी केलं यावर दोन घराण्यांचा दावा २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पोचला. आपल्याकडेही शोधाचं भांडण आहेच.) १९६०च्या दशकात तंदूर लंडनच्या बड्या रेस्टॉरंटांत पोचला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गल्लीत उतरला. चिकन टिक्का, म्हणजे बिनहाडाचे तुकडे, मेनूवर स्टार्टर म्हणून बसला. कांद्याच्या चकत्या, लिंबाची फोड, पुदिन्याचं दही. इंग्रजाला तुकडे आवडले. फक्त मुख्य जेवणात मागवले की तो पानाकडे बघून विचारायचा: याची ग्रेव्ही कुठाय?

हा प्रश्न हास्यास्पद नाही. त्यांच्या घरी रविवारचं भाजलेलं मांस ग्रेव्हीशिवाय वाढत नाहीत. आमटी नसलेला भात समोर आला तर आपण काय विचारू?

ग्लासगोची गोष्ट याच प्रश्नाची आहे. शीश महल हे रेस्टॉरंट अली अहमद अस्लम यांनी १९६४ मध्ये सुरू केलं. ते मूळचे पाकिस्तानी पंजाबातले. त्यांनी स्वतः सांगितलेली हकिकत अशी की १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एका गिऱ्हाइकाने टिक्का कोरडा आहे म्हणून परत पाठवला. अस्लम यांना तेव्हा पोटाचा अल्सर होता आणि ते टोमॅटो सूप पीत होते. त्याच सुपात मसाले घालून त्यांनी टिक्का त्यात सोडला. २००९ मध्ये ग्लासगोचे खासदार मोहम्मद सरवर यांनी या पदार्थाला शॅम्पेनसारखं युरोपीय भौगोलिक मानांकन मिळावं म्हणून संसदेत प्रस्तावही मांडला होता. मानांकन मिळालं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अस्लम गेले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर मृत्युलेख छापले.

गोष्ट खरी का? मला ती खोटी मानायचं कारण दिसत नाही. सुपाचं म्हणाल तर लेस्टरच्या आमच्या किचनमध्ये फळीवर टोमॅटो सुपाचे डबे असायचे आणि टिक्का मसाल्यातच जायचे. पण ‘शोध’ म्हणायला माझी जीभ अडखळते. त्या शेगडीपुढे उभं राहून बघा. डाव्या हाताला ग्रेव्हीचं पातेलं, उजवीकडे तंदुरातून निघालेला टिक्का, समोर टोमॅटो प्युरी, क्रीम, साखर, बदामाची पूड, आणि खिडकीतून परत आलेली प्लेट. आठ मिनिटं. तुम्ही दुसरं काय कराल? ज्या कुठल्या किचनमध्ये ग्रेव्ही आणि तंदूर एकत्र आले, त्या प्रत्येक किचनमध्ये हा पदार्थ होणारच होता, आणि माझी खात्री आहे की तो पाच-पन्नास ठिकाणी स्वतंत्रपणे झाला. एक पुरावा देतो. १९९८ मध्ये करी रेस्टॉरंटांच्या एका मार्गदर्शिकेने ४८ ठिकाणचे टिक्का मसाले तपासले. सगळ्यांत समान असा एकच घटक निघाला: चिकन. एका माणसाने शोधलेल्या पदार्थाची अशी दशा होत नाही. कुणी नारळ घालतं, कुणी बदाम, कुणी आंब्याचं चटणीसारखं लोणचं, कुणी बाटलीतली पुदिना सॉससुद्धा.

रंगाचं तर विचारूच नका. गुलाबी, नारिंगी, लालभडक. २००४ मध्ये सरे काउंटीच्या तपासनिसांनी शंभरेक रेस्टॉरंटांचे टिक्का मसाले प्रयोगशाळेत धाडले, तर निम्म्याहून जास्त ठिकाणी कृत्रिम रंग कायद्याच्या मर्यादेपलीकडे निघाला. आमच्याकडे त्या आठवड्यात हेड शेफने रंगाचा डबा उचलून स्टोअरच्या वरच्या फळीवर ठेवला. टिक्का मसाला फिकट जायला लागला आणि तीन दिवसांत दोन नेहमीची गिऱ्हाइकं म्हणाली, आज चव बिघडलीय. चव तीच होती. मग आम्ही पॅप्रिका आणि बीट यांच्यावर निभावून नेलं.

रेस्टॉरंटमधला लोकप्रिय पदार्थ ‘देशाचा’ कसा झाला, याचं श्रेय मात्र मी रेस्टॉरंटला कमी आणि सुपरमार्केटला जास्त देतो. आणि इथे एक मुंबईकर आहे. गुलाम नून, जन्म १९३६, मुंबई. क्रॉफर्ड मार्केटजवळ घरचं मिठाईचं दुकान, रॉयल स्वीट्स. १९७०च्या दशकात त्यांनी लंडनच्या साउथॉलमध्ये मिठाई सुरू केली, आपला चिवडा-फरसाण ‘बॉम्बे मिक्स’ म्हणून इंग्रजांच्या बिअरशेजारी नेऊन ठेवला, आणि पुढे तयार जेवणाचा कारखाना काढला. कारखाना १९९४ मध्ये जळून खाक झाला, त्यांनी पुन्हा उभा केला. सेन्सबरीजसारख्या दुकानांत थंड कपाटात मिळणारा टिक्का मसाला त्यांच्याकडून जायचा. २०११ मध्ये ते लॉर्ड झाले, २०१५ मध्ये वारले. त्याआधी केनियातून आलेल्या पाठक कुटुंबाने बाटलीतल्या पेस्ट घरोघर पोचवल्या होत्या. आमच्या तंदूरवाल्याच्या टिक्क्यातही तीच डब्यातली पेस्ट असायची. ज्या बाईने करी हाऊसची पायरी कधी चढली नव्हती, ती मंगळवारी संध्याकाळी मायक्रोवेव्हमध्ये टिक्का मसाला फिरवायला लागली. मग तो सँडविचमध्ये गेला, पिझ्झावर गेला, उकडलेल्या बटाट्यावर गेला. परका पदार्थ आळशी संध्याकाळी खाल्ला जायला लागला की त्याचं परकेपण संपतं, असं माझं मत झालंय.

‘राष्ट्रीय पदार्थ’ हा शब्द परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांचा, एप्रिल २००१च्या भाषणातला. विषय स्वयंपाक नव्हताच. ब्रिटिशपणा म्हणजे काय आणि बाहेरून आलेल्या लोकांनी देशाला काय दिलं, हा होता. त्यात ते म्हणाले की चिकन टिक्का मसाला आता खऱ्या अर्थाने ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ झालाय. टिक्का भारतीय, आणि मसाल्याचा रस्सा जोडला गेला तो मांस ग्रेव्हीत खायची ब्रिटिशांची इच्छा भागवायला. तेव्हा मुलाला सांगा, कायद्याने तसं काही ठरलेलं नाही, एका मंत्र्याचं वाक्य आहे. पण वाक्य बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने पेपर किचनमध्ये आणून मोठ्याने वाचला. हेड शेफ टिक्क्याचं मांस कापत होता. वर न बघता म्हणाला, “राष्ट्रीय केलं ना? मग माझ्या भाच्याचा व्हिसा का अडवलाय?”

तो व्हिसाचा सल अजून आहे. २०१६ मधल्या नियमाने बाहेरून शेफ आणायचा तर त्याला वर्षाला २९,५७० पौंड द्यायला हवे होते, आणि टेकअवेही चालवणाऱ्या रेस्टॉरंटला तर तेव्हा परवानगीच नव्हती; गल्लीतलं असं एकही करी हाऊस मला माहीत नाही जे टेकअवेशिवाय जगतं. मालकांची मुलं हिशेबनीस आणि वकील झाली, आणि व्हावीत यासाठीच बापांनी कांदे सोलले होते. २००५ पासून पबच्या वेळा सैल झाल्या, तशी अकराची ती झुंबडही ओसरली. लेस्टरमध्ये मी शेवटी जिथे होतो तिथे आता केस कापायचं दुकान आहे. दुसरीकडे नवी मंडळी वेगळं काही करतायत: २०१० पासून डिशूम या रेस्टॉरंटने मुंबईच्या इराणी कॅफेचा थाट लंडनला नेला, त्याच सुमारास लंडनच्याच हाउन्स्लोत वडापाव विकायला लागला, आणि दोन्हींपुढे रांगा असतात. तिथे ग्रेव्हीचं पातेलं नाही.

बर्मिंगहॅमच्या बाल्टीचा उल्लेख नाही केला तर तिकडचे माझे दोस्त बोलणं टाकतील. स्पार्कब्रुक भागात १९७०च्या दशकाच्या शेवटी पाकिस्तानी, मुख्यतः काश्मीरकडच्या लोकांनी पातळ पत्र्याच्या कढईत झटपट परतून त्याच कढईत वाढायची करी सुरू केली. बरोबर टेबलाएवढा नान. माझ्या मते जाळावरच्या करीत ती जास्त प्रामाणिक. पुढे ती शहराबाहेरच्या मेनूंवरही पोचली, पण ओळख बर्मिंगहॅमचीच राहिली.

तर पुण्यातला टिक्का मसाला वेगळा का लागतो, ते आता कळलं असेल. पुण्यातल्या किचनमध्ये पंजाबी पद्धत असते: लाल परतलेल्या कांद्याची आणि काजूची ग्रेव्ही, वर गरम मसाला आणि कसुरी मेथी. तो बटर चिकनचा तिखट भाऊ. ब्रिटिश टिक्का मसाला उकडलेल्या कांद्याचा, गोडसर, क्रीम-नारळाचा. मुलगा सुट्टीत आला की करून घाला. दोघांसाठी: तीन मोठे कांदे, अर्धं गाजर, अर्धी ढब्बू मिरची, सहा पाकळ्या लसूण, इंचभर आलं, एक टोमॅटो, चार चमचे तेल, मीठ-हळद, बुडेल इतकं पाणी, तासभर उकळून एकदम गुळगुळीत वाटा आणि आमटीइतकं पातळ ठेवा. चिकनचे तुकडे दही, आलं-लसूण, तिखट, मोहरीचं तेल लावून रात्रभर मुरवा आणि तव्यावर नाहीतर ओव्हनमध्ये कडा काळ्या होईतो भाजा. मग पातळ बुडाच्या कढईत, गॅस पूर्ण मोठा: तेल, आलं-लसूण, दोन चमचे धणे-जिरे-पॅप्रिकाची पूड, चार चमचे पाणी घातलेली टोमॅटो प्युरी, आणि ती ग्रेव्ही तीन खेपांत. कडेचं खरवडत राहा, घाबरू नका, थोडं करपायलाच हवं. शेवटी दोन चमचे बदाम किंवा नारळाची पूड, दीड चमचा साखर, अर्धी वाटी क्रीम, टिक्का. साखर बघून हात आखडू नका, नाहीतर तुमचा पदार्थ पुन्हा पुण्याचा होईल.

आणि मुलाला एक सांगा. लीड्समध्ये मालक सिल्हेटचे असतील असं एखादं जुनं करी हाऊस शोध, सोमवारी जा, गर्दी नसते. आमच्याकडे रात्री साडेबाराला शेवटचं टेबल उठलं की मागे तेलाच्या रिकाम्या डब्यांवर बसून आम्ही जेवायचो. बाहेर दिवसभर गेलेल्या त्या चाळीस पदार्थांपैकी एकही त्या ताटात नसायचा. हाडासकट कोंबडी, लाल परतलेला कांदा, पातळ रस्सा, आणि त्यात शातकोरा, सिल्हेटचं जाड सालीचं कडवट लिंबू, सालीसकट. ग्रेव्हीचा थेंब नाही. त्याला ‘स्टाफ करी’ म्हणतात, मेनूवर नसते. मागितली तर आधी हसतील, मग तिखट आहे म्हणून टाळतील. तिसऱ्या खेपेला देतील. चमचा बाजूला ठेव म्हणावं.